सोलरवर वाळत घातलेल्या कुरडया

मंडळी, आज इंझोरीत माझी चांगलीच फजिती झाली. अजून हसू आवरत नाहीये.

मागच्या आठवड्यात आमच्या स्लॅबवर सोलर बसलं. घरातली पहिली पदवीधर मी, त्यामुळे हट्टही माझाच. बाबांचा विश्वास मात्र खांबावरच्या लाईनवर.

रात्रीपासून लाईन गेलेली. बॅटरी पहाटेच संपली, पण दहाच्या कडक उन्हातही पंखा हलेना. नेमके तेव्हाच बाबांचे थोरले भाऊ, आमचे मोठे बाबा, सोलर पाहायला आले.

"हेच का तुहं कॉलेज?" ते म्हणाले. बाबांनी हातपंखा शोधून त्यांच्या हातात दिला. मला तेच जास्त लागलं.

मी धावत वर गेले. सगळ्या पॅनलवर आईची जुनी लुगडी अंथरलेली, आणि त्यांवर ओळीनं ओल्या कुरडया.

"आई, इथं काहून?"

"अवं, स्वच्छ काच हाय, ऊनबी इथंच जास्त. रिकामी कायले ठेवू?"

तिचं तरी काय चुकलं? उन्हाकडून काम करून घ्यायला आमच्या घरात सगळ्यात आधी तीच शिकली.

आम्ही दोघींनी कुरडया उचलून स्लॅबवर पसरल्या. थोड्या वेळानं खालून बाबांची हाक आली, "पोरी, फिरून राह्यला पंखा!"

मोठे बाबा जायला उठले, तर बाबा म्हणतात, "बसा ना दादा. तुमच्या घरी कुठं लाईन हाय?"

आता वाटणी ठरली आहे. पॅनलवरचं ऊन पंख्याचं, बाकी सगळं आईचं. तुमच्या छतावरचं ऊन सध्या कोणाच्या कामी येतं?