तिखाडीचं तेल आणि खैरूचा हात

मुलांनो, खैरू गेल्याचा फोन आला तेव्हा मी कपाटातले टॉवेल आकारानुसार लावत होते. परंड्याहून तिचा मुलगा सलीम बोलत होता. "खाला, अम्मी गेल्या. सकाळी चहा प्याल्या आणि..." मी त्याची समजूत काढली, फोन ठेवला, राहिलेले टॉवेल लावले. मग मनात पहिला विचार आला तो असा, की ती गोष्ट आता फक्त मलाच माहीत आहे. क्षणभर मला हायसं वाटलं. त्याला सात आठवडे झाले. तेव्हापासून एका जागी बसवत नाही. लिहायला घेते, उठते, नळ बंद आहे का पाहते, पुन्हा बसते...

खैरू म्हणजे खैरुन्निसा, माझी नळदुर्गची मैत्रीण, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. झोप चांगली लागेल म्हणून तुम्ही मला एक इवलीशी बाटली पाठवली होती, 'पामारोझा' लिहिलेली. ती आमच्याकडची तिखाडी. पाऊसकाळ सरला की माळावर हे गवत फुलायचं, आणि नुसतं त्यातून चालत गेलं तरी परकराला गुलाबासारखा वास लागायचा. खैरूचे अब्बा, आमचे करीमचाचा, ओढ्याकाठी भट्टी लावत. तांब्याच्या मोठ्या देगेत गवत आणि पाणी, झाकणाच्या कडा चिखलानं लिंपलेल्या. बांबूच्या नळीतून वाफ गार पाण्यात ठेवलेल्या भांड्यात उतरायची आणि तिथं पाण्यावर पिवळसर तेल तरंगायचं. जाळ कधी ओढायचा हे चाचा खैरूला विचारत. ती नळीपाशी नाक नेई आणि म्हणे, "बस अब्बा, आता गवत करपायलंय." चाचा येईल त्याला सांगत, "भट्टी माझी, नाक हिचं."

निजामाचा अंमल होता. माझे वडील तहसील कचेरीत कारकून. इंग्रजी शिकायला त्यांनी मला सोलापूरला, इंग्रजांच्या मुलखात मावशीकडं ठेवलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर ट्रंक उघडून दाखवायची आणि मग घरी यायचं. एका वर्षी त्या ट्रंकेत डिंक, शाई आणि कापून ठेवलेल्या पांढऱ्या चिठ्ठ्या होत्या. मी तेरा वर्षांची होते आणि दिसेल ती वस्तू मला नीट लावायची होती.

चाचांच्या घरी फळीवर बाटल्या असत. काहींत निव्वळ तिखाडीचं तेल, व्यापाऱ्यासाठी. काहींत करडईचं तेल आणि त्यात तिखाडीचं अगदी थोडं, गुडघेदुखीच्या मालिशसाठी. निव्वळ तेलाच्या बाटलीच्या गळ्याला काळा दोरा, मालिशच्या बाटलीला पांढरा. दोरे तेलकट झालेले, मळके. चाचा माल घेऊन सोलापूरला गेले होते, बाकीचे भट्टीवर होते. त्या दुपारी मी फळी आवरली. दोरे कापून टाकले, बाटल्या पुसल्या, उंचीप्रमाणे लावल्या आणि प्रत्येकीवर इंग्रजीत, सुरेख अक्षरात, चिठ्ठी चिकटवली. कुठली बाटली कुठली हे आपल्या पक्कं लक्षात आहे, असं मला वाटत होतं.

खैरू धुरानं लाल झालेले डोळे चोळत आली. "अगं बया! ह्या मुंग्या कोन वाचनार? अब्बाला तर उर्दूबी येत न्हाय."

"तू वाचशील. मी शिकवते."

"लई शानी झालीस गं सोलापुरात!"

तेवढ्यात शेजारच्या वाण्याची आई, शिवम्मा आजी, गुडघे धरत दारात आली. "खैरू, जरा तेल दे गं माय. पाय लई धरलेत." मी दाखवलेली बाटली खैरूनं उचलली, नाकाशी नेली. "सुमे, वास दणकून येतोय. ही बिनमिसळीची तर न्हाय?"

"लिहिलंय ना त्यावर," मी म्हणाले. "लिहिलेलं चुकत नाही."

तिनं पुन्हा एकदा हुंगलं, माझ्याकडं बघितलं, आणि बाटली आजीच्या हातात दिली.

ते निव्वळ तेल दोन्ही गुडघ्यांना चोळून, वर फडकं घट्ट बांधून आजी झोपली. सकाळी फोड आले होते, कातडी सोलून निघाली होती. तिचा मुलगा चाचांच्या दारात ओरडत होता, लोक जमले होते. चाचा नुकतेच परतले होते. त्या गोंधळात मी फळीजवळ गेले आणि ओल्या फडक्यानं एकेक चिठ्ठी काढली. आजीच्या बाटलीवरची तर तेलानं आधीच सुटून गेली होती.

"बाटली कुनी दिली?" चाचांनी विचारलं.

"म्या दिली, अब्बा."

तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी तिथंच उभी होते. चिठ्ठ्यांचा ओला गोळा माझ्या मुठीत होता.

त्या दिवसापासून चाचांनी तिला बाटल्यांना हात लावू दिला नाही. जाळाचं विचारणंही थांबलं. दोन दिवसांनी मी सोलापूरला परतले. वर्षभरात तिचं लग्न झालं, परंड्याच्या अत्तर-तेल विकणाऱ्या घरात. पुढं आम्ही मोजक्याच वेळा भेटलो. एकदा मी सुरुवात केली, "खैरू, त्या बाटल्यांचं..." ती म्हणाली, "चहा गार व्हायलाय, पी." मी ती माफी समजले. तसं समजणं माझ्या सोयीचं होतं.

मागच्या आठवड्यात, खैरूच्या चाळिसाव्या दिवसाला, कुर्डुवाडीवरून बसनं परंड्याला गेले. जेवणं झाल्यावर सलीम आणि त्याची बायको रेहाना यांना सगळं सांगितलं. सलीम म्हणाला, "जाऊ द्या खाला, पोरवयातलं. आता काय फरक पडायलाय?"

रेहाना ताटं उचलत होती. ती थांबली. "फरक कसा न्हाय? अम्मीच सांगायच्या, माझ्या हातानं एक म्हातारी भाजली म्हणून. माझ्या सासऱ्यांनी त्यांना कधी तेल मिसळू दिलं न्हाय. आमीबी न्हाय. लांबून म्हणायच्या, रेहाना, ह्यात करडई जास्त झाली बघ. आमी हसायचो." मग हळू आवाजात म्हणाली, "गिऱ्हाइकं मागून तेच सांगायची, खाला. तेल लागू होईना म्हणून."

तिनं ताटं खाली ठेवली, आत गेली आणि दीर, जावा, नातवंडं, सगळ्यांना घेऊन आली. "आता पुन्हा सांगा," ती म्हणाली. "ह्यांच्यासमोर."

मी पुन्हा सांगितलं. पहिल्यापासून, काही न गाळता, त्या ओल्या गोळ्यासकट. खिडकीखाली खैरूची खाट होती, चादर ताणून घातलेली. घरात एवढी माणसं होती, पण तिच्यावर कुणी बसलं नव्हतं. सगळे माझ्यासमोर उभे होते, आणि मी बोलत होते त्या खाटेकडं बघून.