नेनेकाकांचा खराटा

सकाळी चहाचं आधण ठेवताना खिडकीतून खाली पाहिलं, तर शेजारचे नेनेकाका त्यांच्या गॅरेजमध्ये खराट्यानं राख लोटत होते. जुन्या व्हॅक्यूम क्लीनरांचा त्यांचा संग्रह गेल्या आठवड्यात आगीत गेला. दर रविवारी ते एकेक मशीन सुरू करून बघायचे आणि त्या घरघरीला आम्ही सगळे वैतागायचो. हा रविवार मात्र इतका शांत गेला की करमेना.

माणूस गेलं की लोक भेटायला येतात, शेजारी बसतात. वस्तू गेल्या की, ‘जीव वाचला हे काय कमी आहे’ म्हणतात आणि मोकळे होतात. मीही तेच म्हणाले होते. पण केर ओढणारी यंत्रं जन्मभर जपलेल्या माणसाच्या हातात शेवटी खराटा यावा, हे बघवेना. आमचा नवा व्हॅक्यूम क्लीनर उचलून मी तडक खाली गेले. आपण हे काय घेऊन आलोय, ते काकांसमोर उभी राहिल्यावर लक्षात आलं.

काका रागावले नाहीत. खराटा भिंतीला टेकवून त्यांनी मशीन नीट न्याहाळलं. त्याच्यावर उडालेली राख शर्टाच्या बाहीनं पुसली.

“अगं, राखेत नको घालूस ह्याला,” ते म्हणाले. “मोटर जळेल.”

आणि दोन्ही हातांनी उचलून त्यांनी ते गॅरेजबाहेर, स्वच्छ फरशीवर नेऊन ठेवलं.