दाजींचा समुद्रकिनारा, मुक्काम कुंभारी

समुद्रापासून इतक्या लांब राहून समुद्राचा इतका अभिमान बाळगणारा माणूस अख्ख्या महाराष्ट्रात दुसरा सापडणार नाही, हे आमच्या दाजींबद्दल मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो. दाजी म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, नात्यानं माझे साडू. सोलापुरातल्या एका शाळेत त्यांनी जन्मभर भूगोल शिकवला. भरती-ओहोटी, खाडी, पुळण, वाळूच्या टेकड्या हे सगळं ते फळ्यावर इतकं तब्येतीत काढत की वर्गातून बाहेर पडणाऱ्या पोरांच्या चपलेत वाळू निघेल असं वाटावं. प्रत्यक्षात निवृत्त होईपर्यंत दाजींनी समुद्र पाहिलेला नव्हता. त्याचं त्यांना काही वाटायचंही नाही. "मी सूर्यमालाही शिकवतो की, पाव्हणे," ते मला म्हणायचे, "तितं कुठं जाऊन आलोय?"

माती मात्र त्यांनी नुसती पाहिली नाही, खाल्ली. माती बघायची नसते, चाखायची असते, असं त्यांचं ठाम मत. कुठंही गेले की खाली वाकायचे, चिमूट उचलायची, जिभेच्या टोकावर ठेवायची आणि डोळे मिटायचे. मग निकाल. "शेंगाचटणीत मीठ जरा जास्त पडल्यागत आहे." एकदा पुतणीसाठी स्थळ बघायला आम्ही दुधनीला गेलो होतो. बाकीची मंडळी मुलाची नोकरी, पगार, उंची बघत होती. दाजी मागच्या दारानं थेट शेतात. परत आले ते ओठ पुसत, आणि भर बैठकीत म्हणाले, "मुलगा चांगला आहे. जमीन खारी आहे." बैठक गार पडली. मुलाच्या आजीनं कन्नडमध्ये शेजारणीला विचारलं, "मण्णु तिंतारेन्री?" म्हणजे हे माती खातात की काय. लग्न झालं, पण त्या घरात अजून दाजींना जेवायला वाढताना आधी विचारतात, नेहमीचं वाढू ना म्हणून.

आता अशा माणसानं स्वतःची जागा घेताना तरी फसू नये. पण दाजी फसले, आणि तेही धर्मामुळे फसले. सोलापूरजवळच्या कुंभारीला त्यांनी निवृत्तीनंतर घरासाठी जागा बघितली तो श्रावणातला सोमवार होता आणि त्या दिवशी त्यांचा अळणी उपास होता. मिठाचा कण तोंडात जायचा नाही. त्यामुळे ज्या माणसानं दुसऱ्यांच्या शेकडो जमिनी चाखल्या, त्यानं स्वतःची तेवढी न चाखता घेतली. वर पावसानं पांढरा थर धुऊन गेलेला, काळ्याभोर मातीवर हिरवं गवत. दलाल म्हणाला, "सर, हितं दगुड लावला तरी उगवतंय." दाजींनी विश्वास ठेवला. उन्हाळा आला तशी जमीन खरी बोलायला लागली. चिकणमातीला हात जाईल एवढ्या भेगा, आणि वर मिठाचा पांढरा पापुद्रा. आमच्याकडं त्याला चोपण म्हणतात. पाऊस पडला की चिकटून चप्पल ठेवून घेते, ऊन पडलं की विटेसारखी होते.

याचा खरा फटका बसला तो आक्कांना, म्हणजे माझ्या मेहुणीला. बाईंचा सगळा संसार तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या दोन खोल्यांत झाला. रंगाच्या रिकाम्या डब्यात लावलेला एक मोगरा, एवढीच त्यांची बाग. आयुष्यात एकच मागणं मागितलं होतं त्यांनी दाजींकडं, की आपला मोगरा एकदा जमिनीत लावायचा. कुंभारीला घर बांधल्यावर पहिल्याच आठवड्यात लावला. महिन्याभरात पानांच्या कडा जळाल्या आणि झाड गेलं. दुसरं लावलं, तेही गेलं. आक्का काही बोलल्या नाहीत. ज्या घरात बायको बोलत नाही त्या घरात नवऱ्याला काय काय ऐकू येतं ते विवाहितांना सांगायला नको.

सल्ला द्यायला सगळी कॉलनी धावली. एकानं जिप्सम टाका म्हणून सांगितलं, दुसऱ्यानं ताग पेरून गाडा म्हटलं, तिसऱ्यानं वास्तू बघणारा आणला, त्यानं ईशान्येला मीठ फार असल्याचं निदान केलं आणि पाणी पिऊन गेला. दाजींनी कुणाचंच ऐकलं नाही. त्यांचा सिद्धान्त वेगळा होता. "माती आजारी नाही, पाव्हणे. तिच्याकडं पाव्हणा चुकीचा येतोय. ही समुद्राकाठची माती आहे, फक्त समुद्र यायचा राहिलाय." किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्यांमध्ये जे खोलगट भाग असतात तिथं अशीच खारी चिकणमाती साठते, तरी तिथं गवत येतं, वेली पसरतात, हे त्यांनी तीस वर्षं शिकवलं होतं. "लोकांना वाळू दिसते, खालची चिकणमाती दिसत नाही," ते खेदानं म्हणायचे. जणू त्या मातीवर आजवर झालेल्या अन्यायाची तक्रार त्यांच्याकडंच आली होती.

मग दाजी आयुष्यात पहिल्यांदा कोकणात गेले. लोक येताना आंबे आणतात, कोकम आणतात. दाजींनी दोन पोती माती आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेली, किनाऱ्यावरच्या वाळूत पसरणारी मर्यादवेल आणली. समुद्र कसा वाटला विचारलं तर म्हणाले, "बरोबर आहे." फळ्यावरच्या चित्राशी जुळला असणार. कुर्डुवाडीला गाडी बदलताना फलाटावर पोलिसानं हटकलं. पोत्यात काय म्हणून विचारल्यावर दाजी खरं बोलले, "किनारा." पोलिसानं पोतं उघडायला लावलं. दाजींनी आग्रह करून त्याला चिमूटभर चाखायला दिली. "आयला, मीठच हाय की हो!" तो म्हणाला, आणि थुंकायला गेला तो परत आलाच नाही.

कुंभारीत बातमी पसरली की सरांनी मिठाच्या जागेत मीठ आणून टाकलं. दाजी शांतपणे कामाला लागले. अंगणाच्या कडेला वाळू आणून कमरेएवढी टेकडी केली, कोकणची माती तिच्या खोलगटात थापली, वर मर्यादवेल लावली. आक्का ओट्यावरून बघत होत्या. माझ्या बायकोला फोनवर म्हणाल्या, "मोगरा लावा म्हटलं तर ह्यांनी समुद्र आनला बग. उद्या मासं धराया जाईन मी."

आमच्या भागातल्या पुढाऱ्यांना मातीतलं काही कळत नाही, पण फीत कापण्यातलं सगळं कळतं. त्यांना कळायला वेळ लागला नाही की ही सोलापूरची पहिली समुद्रटेकडी आहे. फलक लागला. त्यावर नारळाची झाडं, एक जहाज, पाण्याबाहेर उडी मारणारा मासा, पुढारी, पुढाऱ्यांचे पुतणे, पुतण्यांचे मित्र, आणि खाली कोपऱ्यात तिकिटाएवढे दाजी. समारंभाला मंडप, खुर्च्या, चहा, सगळं होतं. दाजींनी खारी माती या विषयावर भाषण तयार केलं होतं, ते कुणी मागितलं नाही. पुढारी मात्र रंगात आले. "आज टेकडी हाय, उद्या बोटी येतील! पर्यटन वाढंल! कुंभारीचं नाव..."

इतक्यात मागच्या माळावरून मेंढरं आली. अक्कलकोटकडचा एक म्हातारा धनगर कळप घेऊन तिथून रोज जायचा. आधी एकच मेंढी टेकडीवर चढली, चाटून बघितलं आणि मान वर केली. मग अख्खा कळप. मेंढ्यांना मिठाची किती ओढ असते ते त्या दिवशी आम्हाला कळलं. भाषण चालू, टाळ्या चालू, आणि दाजींचा किनारा जिभांखाली आणि खुरांखाली संपत चाललेला. दाजी धावले, पण किती मेंढ्या धरणार? म्हातारा काठी टेकवून मोठ्या कौतुकानं म्हणाला, "जनावरास्नी लई आवडलं की हो सर! आनखी आननार काय?" पुढाऱ्यांनी तेवढ्यात फीत कापून घेतली. फोटोत टेकडी नाही, मेंढ्या आहेत.

 त्यानंतर मी गेलो तरी दाजी मातीचा विषय काढत नसत. गावात लोक हसतात याचं त्यांना दुःख नव्हतं, लोकांच्या हसण्याची त्यांना सवय होती. आक्कांना दिलेला शब्द राहून गेला, ते त्यांना लागलं होतं. त्यात डॉक्टरांनी रक्तदाब निघाला म्हणून मीठ बंद केलं. "पापड, लोणचं, चटणी, काही नको," डॉक्टर म्हणाले. दाजींनी विचारलं, "आणि माती?" डॉक्टरांना गंमत वाटली. मला नाही वाटली. इतका केविलवाणा प्रश्न मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

टेकडी गेली, पण मर्यादवेल गेली नाही. मेंढ्यांनी तिला तोंड लावलं नव्हतं. ती गुपचूप खाली उतरली आणि चोपणावर पसरली. परवा मी गेलो तेव्हा सकाळी तिला जांभळी फुलं आली होती. दाजी वेलीखालची माती बोटांत चुरत बसले होते. मला म्हणाले, "मऊ लागतीय का हो? वेलीनं काही केलं असंल का हिला?" चाखता येत नाही म्हणून त्यांची नुसती तगमग चालली होती. हात तोंडापर्यंत जायचा आणि परत यायचा.

आक्का आतून आल्या. खाली वाकल्या, चिमूट घेतली आणि जिभेवर ठेवली. ज्या बाईनं जन्मभर या खुळाला नावं ठेवली, ती डोळे मिटून उभी राहिली. दाजी तिच्या तोंडाकडं असे बघत होते, जसं परीक्षेच्या निकालाच्या दिवशी त्यांचे विद्यार्थी त्यांच्याकडं बघत असतील.

"कमी झालंय की," आक्का म्हणाल्या. "पयल्यापरीस लई कमी झालंय."

"खरं?" दाजी उठलेच. "पाव्हणे, तुम्ही बघा!"

मी चिमूट घेतली. जीभ चरचरली. मीठ, शुद्ध मीठ. आक्का माझ्याकडं बघत होत्या, आणि त्या नजरेत विनंती नव्हती, दम होता.

"कमी आहे दाजी," मी म्हणालो. "बरंच कमी."

दाजी पिशवी घेऊन रोपवाटिकेला निघाले ते चहालाही थांबले नाहीत. आक्का पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "लावू द्या त्यास्नी."

मोगरा लावलाय आता, वेलीच्या शेजारी. तो जगेल असं मला वाटत नाही. पण रोज सकाळी चहाचा पहिला घोट घेताना मला कुंभारीची आठवण होते, आणि मी, देवाकडं कधी काही न मागणारा माणूस, त्या एका रोपट्यासाठी हात जोडतो.