आधी गाडी, मग तेल

युसूफ वडगाव या गावात आमचं कापडाचं दुकान आहे. माझ्या अंगावरून वारं गेलं ते याच दुकानात, सकाळच्या पहिल्या गिऱ्हाइकाला पोलक्याचं कापड फाडून देताना. कडेला कात्रीनं चीर द्यायची आणि दोन्ही हातांनी ओढून कापड सरळ फाडायचं, हे मी उभ्या आयुष्यात किती वेळा केलं असेल. त्या दिवशी डाव्या हातानं ओढलं आणि उजवा आलाच नाही. बाईला वाटलं, कापडातच काहीतरी खोट आहे. तिला सांगायला तोंड उघडलं तर शब्दांचा नुसता लगदा बाहेर आला.

मला घरात नेऊन निजवलं. कुणी कांदा फोडून नाकाशी धरला, कुणी तळपायांना मोहरीचं तेल चोळलं. कुणीतरी म्हणालं, वारा लागू देऊ नका, म्हणून भर उन्हाळ्यात अंगावर घोंगडी आली. सगळे जीव लावून करत होते, आणि मी घोंगडीखाली घामानं निथळत होतो. दुपार कलल्यावर मला गाडीत घालून अंबाजोगाईला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बायकोला विचारलं, हे कधी झालं? ती म्हणाली, सकाळी.

"मग इतका वेळ काय करत होता?"

"तेल लावत होतो," बायको म्हणाली.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की या दुखण्यात पहिल्या काही तासांत माणूस आला तर एक इंजेक्शन देता येतं, तुमची ती वेळ गेली. मला बोलता येत नव्हतं, पण ऐकायला सगळं येत होतं.

घरी आलो तो उजवा हात लुळा, पाय ओढत आणि तोंड डावीकडं ओढलेलं. मुलानं दुकान सांभाळायला घेतलं आणि मला पायरीशेजारच्या बाकड्यावर बसवलं. तिथं माझे दोन दोस्त रोज येऊ लागले. एक एस.टी.तून रिटायर झालेला कंडक्टर. त्याचं बायपास झालेलं. नव्या माणसाला तो शर्टाच्या गुंड्या काढून छातीवरचा व्रण दाखवायचा आणि म्हणायचा, "ही बगा, चेन बसवून दिलीय. परत उघडायचं काम पडलं तर फाडाफाडी न्हाई." दुसरा शेतकरी, माझा शाळेपासूनचा सोबती. त्याला साखर. पायात काटा मोडला तेव्हा त्यानं कुणाच्या तरी सांगण्यावरून रुईचा चीक भरला होता. जखम चिघळली आणि अंगठ्याशेजारचं बोट काढावं लागलं. तो म्हणायचा, बरंच झालं, नखं काढायचं काम तेवढं कमी झालं.

हसत हसत दोघंही मला औषधं सांगायचे. बाकड्यावर ज्याला म्हणून दुखणं आहे तो डॉक्टर. लकव्यावर लसूण, लकव्यावर एरंडेल, लकव्यावर गरम वाळूचा शेक. एकदा तर तेलगावहून माझे व्याही पिशवीत जिवंत पारवा घेऊन आले. त्याचं रक्त चोळलं की हात सरळ होतो, असं त्यांना पक्कं ठाऊक होतं. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. व्याह्यांना नाही कसं म्हणायचं, म्हणून बायको आधी चहा घेऊन आली, आणि तेवढ्यात पारवा पिशवीतून सुटला तो थेट साड्यांच्या मांडणीवर जाऊन बसला. खाली काही उतरेना. कंडक्टर म्हणाला, "आप्पा, गुण आला बगा. पारवा पळाला, आता तुमी बी पळताल." व्याहीसुद्धा हसले. पारवा संध्याकाळी आपल्या पायानं दाराबाहेर गेला.

मी पळालो नाही, पण चालायचं मात्र ठरवून टाकलं होतं. अंबाजोगाईला व्यायाम शिकवणाऱ्या पोरीनं सांगितलं होतं, हात हलो न हलो, रोज त्याला काम सांगा. बायको ताटात तूर आणि हरभरा एकत्र करून माझ्यापुढं ठेवायची. उजव्या हातानं दाणा दाणा वेगळा करायचा. पहिले कितीतरी दिवस ताट नुसतं सांडायचं. एकदा वैतागून मी डाव्या हातानं निवडायला लागलो, तर तिनं माझा डावा हात पदरानं खाटेला बांधून ठेवला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ही बाई इतकी कडक आहे, हे मला तेव्हा कळलं.

कंडक्टरला माझ्या तोंडाची हुबेहूब नक्कल करता यायची. एक गालफड ढिलं सोडून तो "च्या आन" म्हणायचा, आणि सगळ्यांत जास्त मीच हसायचो. दुसऱ्या कुणी केली असती तर खपली नसती.

म्हणूनच त्या दिवशी घोटाळा झाला. सकाळचे दहा वाजले असतील. कंडक्टर मूळव्याधीवरच्या कुठल्याशा पाल्याचा किस्सा रंगवून सांगत होता. मध्येच त्याचं तोंड वाकडं झालं आणि शब्द घसरले. शेतकरी खो खो हसला. चहावाला हसला. मीही हसणार होतो, पण कंडक्टरच्या हातातली बशी कलली, चहा मांडीवर सांडला आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता. तोंडाची नक्कल करता येते. मांडी भाजल्यावर गप्प बसायची नक्कल कुणाला येत नाही.

मी काठी टेकून उठलो आणि त्याला दोन्ही हात वर करायला सांगितलं. एकच वर आला.

शेतकऱ्याचं हसू जागच्या जागी थांबलं. "तेल आन रे कुनी," तो म्हणाला, "आन त्याला आत निजवा." लोक जमले. कुणी कांदा आणायला धावलंसुद्धा. आपल्याच दुखण्याकडं मी बाहेरून बघतोय, असं मला वाटलं. तोवर माझी जीभ पुरती वळत नव्हती. घाईत बोललं की शब्द एकमेकांत अडकायचे. मी शब्द एकेक करून, दाणे निवडल्यासारखे काढले.

"आधी गाडी. मग तेल."

"अरे, थोडं चोळून तर बगू बे," शेतकरी म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"मला चोळलंच की," मी म्हणालो. "बग माझ्याकडं."

त्यानं बघितलं. मग तोच रस्त्यावर जाऊन उभा राहिला आणि बाजाराला चाललेली एक जीप त्यानं आडवा होऊन थांबवली. आतली माणसं आणि मेथीच्या जुड्या खाली उतरवल्या. शेतकरी कंडक्टरला धरून मागं बसला, मी पुढच्या सीटवर. लोक म्हणत होते, आप्पा, तुमी कशाला जाताय, तुमालाच धरावं लागतंय. मला जायचंच होतं. किती वाजता झालं, हे डॉक्टरला सांगणारा माणूस मीच होतो.

अंबाजोगाईत मी आधी वेळ सांगितली, मग त्याचं नाव. त्याच्या डोक्याचा फोटो काढला आणि इंजेक्शन दिलं. आम्ही दोघं बाहेरच्या फरशीवर बसून राहिलो. शेतकरी सारखा विचारत होता, तुला बी हेच देणार होते का? मी म्हणालो, हो.

चौथ्या दिवशी कंडक्टर स्वतःच्या पायानं संडासला गेला. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. खरं सांगायचं तर ते ऐकून मला आनंद झाला आणि त्याच क्षणी हेवाही वाटला. त्याचा हात कपाळावरची माशी हाकलत होता. माझा हात मी मांडीवर ठेवला होता, तसाच होता. घरी येऊन बायकोला एवढंच म्हणालो, उद्यापासून तूर-हरभऱ्याऐवजी मोहरी आणि राळे घे. ती म्हणाली, दाणा लई बारीक हाय. मी म्हणालो, म्हणूनच.

बाकड्यावर औषधं अजून सांगितली जातात. लसणाचा महिमा कमी झालेला नाही आणि व्याह्यांनी पारव्यावरचा विश्वास सोडलेला नाही. पण तोंड वाकडं झालं, हात पडला, जीभ जड झाली की गावातली माणसं आता आधी गाडी बघतात. तेल गाडीत बसल्यावर लावतात. त्याला माझी हरकत नाही.

कंडक्टरचं बाकी सगळं सुधारलं, बोलणं तेवढं थोडं अडतं. माझंही अडतं. म्हणून सकाळी दुकान उघडल्यावर आम्ही दोघं बाकड्यावर मोठ्यानं क, ख, ग म्हणतो आणि शेतकरी समोर बसून चुका काढतो. नवं गिऱ्हाईक आलं की आधी दचकतं, मग हसतं. हसू द्या. आम्ही नेमके 'ळ'पाशी अडतो, आणि 'ळ' नीट आल्याशिवाय चहा मागवायचा नाही, असं ठरलेलं आहे.