घाटात पाणी प्यायचं नाही

"पोरगी लघवी करून राह्यली का, ते पाह्य आधी," पडद्यापलीकडे थोरल्या सिस्टर धाकटीला म्हणाल्या. "ताप मंग पाह्य."

मी बुलढाण्याच्या सरकारी दवाखान्यात पडून होते. मांड्या दगडासारख्या झाल्या होत्या. सिस्टरांनी बाटली उजेडात धरली. तळाला थोडीशी लघवी होती, कोऱ्या चहाच्या रंगाची.

डॉक्टर बाबांना म्हणाले, "अ‍ॅक्यूट रीनल फेल्युअर." मग सोपं करून सांगितलं. अति श्रमाने स्नायू तुटतात, त्यांतला रंग रक्तातून मूत्रपिंडांत जाऊन अडकतो. अंगात पाणी नसलं की तो धुतला जात नाही आणि मूत्रपिंडं काम थांबवतात. "लघवी सुटली नाही तर डायलिसिससाठी मुंबईला न्यावं लागेल. पण तो प्रवास तिला झेपेलच, असं मी म्हणत नाही."

कच्च्या वाटांवरच्या लांब पल्ल्याच्या सायकल शर्यतीसाठी काका मला आणि त्यांच्या मुलीला, शोभाला, तयार करत होते. मडगार्ड काढलेल्या जड सायकली, गिट्टीची खडबडीत वाट, राजूर घाट, परत. घरी पोचेपर्यंत पाणी नाही, हा त्यांचा नियम. "पोटात पाणी डुचमयते, पाय जड होतात," ते म्हणत, आणि ऊन बाधू नये म्हणून डोक्याच्या रुमालात कांदा बांधून देत.

शेवटच्या आठवड्यात माझी लघवी गडद होत होती. माझ्या कॉन्व्हेंट शाळेत असलं काही बोलत नसत, घरी तर नाहीच. तुम्ही असा सराव करत असाल, तर मांड्यांच्या दुखण्याआधी तो रंग पाहा.

आता पाणी चमच्याने मोजून मिळे; मूत्रपिंडांना जास्त झेपत नव्हतं. अंग फुगत होतं. आईने माझी अंगठी साबण लावून काढली. एका सकाळी शेजारच्या खाटेवरच्या बाई नव्हत्या; त्यांची गादी बाहेर उन्हात टाकलेली दिसली.

मग एका दुपारी बाटली अर्धी भरली. "सुटली," डॉक्टर म्हणाले. "पण धोका टळला असं समजू नका."

त्याच दुपारी काका शोभाला घेऊन थेट घाटातून आले. त्यांच्या मते मला ऊन लागलं होतं. रुमालातला कांदा घसरला असणार.

"तू आराम कर, माय. तोवर आपली शोभा हाय," ते म्हणाले. "आज घाट एका दमात चढली. पाण्याचा थेंब नाही घेतला वाघिणीनं!"

शोभाचे ओठ फुटले होते. भिंत धरून ती स्टुलावर बसली. खाटेखालच्या माझ्या बाटलीकडे तिचं लक्ष गेलं. ओळखीचं काही दिसावं तशी ती त्या गडद रंगाकडे पाहत राहिली. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, अगदी थोडी: सांगू नको.

डॉक्टर पुढच्या खाटेकडे निघाले होते. काका रविवारचा बेत सांगत होते. मी कोपरावर उठले.

"डॉक्टर, थांबा. शोभालेही काळी लघवी होऊन राह्यली. काका, तिले आधी पाणी द्या."