थोरल्या वैनींचा निम्मा वाटा

“मिरचीला बोट लावलं न्हाय, आणि निम्मा वाटा पायजे म्हणं!”

कांडप गिरणीच्या आवाजात ऐकू जावं म्हणून मावशी ओरडून बोलल्या, आणि बोलता बोलता त्यांनीच गिरणी बंद केली. त्यामुळे शेवटचे तीन शब्द अख्ख्या गल्लीला ऐकू गेले. मी मिरचीच्या पोत्यांमागे नाकाला ओढणी बांधून पाव-पाव किलोची पाकिटं वजन करत होते. माझ्यासमोर कुणी आवाज कमी करत नाही. गप्प मुलीचा हा एक फायदा असतो.

उन्हाळ्यात आमच्या गल्लीत चौघी मिळून कांदा-लसूण चटणी करून विकतात. मिरची भाभी आणतात. पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळातली मिरची वर काढतात आणि व्यापाऱ्याच्या तोंडासमोर धरतात. गिरणी मावशींची. ऑर्डर घेणं आणि पाकिटं भरणं आईकडे, म्हणजे पाकिटं माझ्याकडे. आणि मसाला भाजतात धाकट्या वैनी. खोबरं कधी उतरवायचं, धणे कधी थांबवायचे, हे त्यांना वासावरून कळतं. त्या वेळी कुणी बोलायला गेलं तर त्या झारा दाखवून गप्प करतात. चौघींपैकी एक जरी नसली तरी घाणा निघत नाही, म्हणून नफ्याचे चार सारखे वाटे.

तर धाकट्या वैनींच्या मोठ्या जाऊबाईंनी, थोरल्या वैनींनी, निरोप पाठवला होता. धाकटीच्या वाट्यातला निम्मा मला, नाहीतर सोमवारपासून ती येणार नाही. त्या घरात थोरल्या वैनींच्या शब्दाबाहेर कुणी जात नाही. धाकट्या वैनी या वर्षीच्या वाट्यातून सेकंड हँड स्कूटी घेणार होत्या. कुठली, कुठल्या रंगाची, हेही ठरलं होतं. निम्मा वाटा गेला तर स्कूटी गेली. आणि त्या गेल्या तर चटणीच गेली, कारण पुण्या-मुंबईच्या ऑर्डरी घेऊन झाल्या होत्या.

“हिला विचारूया की,” आई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. “ही हेच शिकतीय कॉलेजात.”

दुर्दैवानं ते खरं होतं. एम.ए.ला आम्हाला गेम थिअरी होती, आणि नेमका तोच धडा चालू होता: चार जणांनी मिळून काही कमावलं तर कुणाला किती द्यायचं. अशा एकत्र येण्याला मराठीत आघाडी म्हणायला जावं तर लोकांना निवडणूक वाटते. पद्धत सोपी आहे. एकेकीला बाजूला काढून बघायचं की मागे काय उरतं. जिच्या जाण्यानं जास्त बिघडतं, तिचा वाटा जास्त. त्याचा पुढचा भाग वरच्या-खालच्या माणसांचा होता. एखादी दुसरीच्या ‘हो’शिवाय कामाला येऊच शकत नसेल, तर ‘हो’ म्हणणारीही वाटेकरी धरायची.

“बघते,” मी म्हणाले. माझं निम्मं बोलणं या एका शब्दात होतं.

त्या दुपारी मी वहीत दोन गोल काढले, वर थोरल्या, खाली धाकट्या, मध्ये बाण. धाकट्या वैनींचा पाव वाटा त्या दोघींत वाटून बघितला. थोरल्या ‘नाही’ म्हणाल्या तर शून्य. धाकट्या नसल्या तरी शून्य. म्हणून दोघींना निम्मं-निम्मं. मी तीनदा गणित केलं, तीनदा तेच. माझ्या फीचे पैसे थोरल्या वैनींच्या बाजूनं बोलत होते. मी वही उशीखाली ठेवली आणि कुणी विचारलं की डोकं दुखतंय म्हणू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं मला थोरल्या वैनींची परात परत द्यायला पाठवलं. त्यांच्या घरामागच्या गोठ्यात दोन म्हशी आहेत. थोरल्या वैनी दूध काढत होत्या आणि धाकट्या वैनींची दोन वर्षांची मुलगी त्यांच्या पाठीला लटकून अंबाडा सोडत होती. शेजारच्या चुलीवर भाकरीचा तवा तापला होता.

“पावणं, दारात का उभारलाय? या की आत!”

मी आत गेले.

“तू ती वजन करणारी न्हवं? तोंड हाय का न्हाय तुला?”

“आहे.”

“मग सांग की. काय म्हणत्यात मला तिकडं?”

मी परात पुढे केली.

“एवढं वाईट?” त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की म्हैस सरकली. मग म्हशीच्या पोटाला डोकं टेकवून म्हणाल्या, “गेल्या साली माझा गुडघा धरला, आठ दिस धाकटी घरात अडकली. तवा तुमचा घाणा कडू झाला म्हणं?”

झाला होता. त्या आठवड्यात मसाला आईनं भाजला होता, आणि ती चटणी कुणी विकत घेण्यासारखी नव्हती. चौघींनी ती वाटून घरी नेली. बाबा अजून तिला काढा म्हणतात.

“आणि वाटा कशाला पायजे, ते इचार की.”

मी विचारायच्या आत त्यांनी सांगितलंच. “देवाला जाऊन येताना यष्टीतनं मधीच उतरायचं आणि मिसळ खायाची. जादा कट घेऊन. माझ्या पैशानं, कुणाला न इचारता.”

अख्ख्या घराला परवानगी देणाऱ्या बाईला मिसळीची परवानगी कुणाकडून तरी घ्यावी लागते, हे माझ्या वहीतल्या बाणांत कुठे नव्हतं. मुलगी त्यांच्या पाठीवरून उतरायला तयार नव्हती. मी भाकरी थापायला मदत करू का म्हणून विचारलं, तर त्या म्हणाल्या, “इंग्लिश शाळंत भाकरी शिकवत्यात व्हय?” मी परत आले.

येताना मला माझी चूक दिसली. मी दोघी जावांचाच खेळ मांडला होता. पण थोरल्या वैनींचा गुडघा धरला तेव्हा फक्त धाकट्या वैनींचं नुकसान झालं नव्हतं. भाभींची निवडून आणलेली मिरची वाया गेली होती, मावशींची गिरणी फुकट फिरली होती, आईची ऑर्डर रद्द झाली होती. मी सगळ्यांना घेऊन परत मांडलं आणि उत्तर बदललं. फक्त ते कुणालाच आवडणार नव्हतं. विशेषतः आमच्या घरी.

रविवारी दुपारी चौघी गिरणीत बसल्या. थोरल्या वैनीही आल्या होत्या, मुलीला कडेवर घेऊन. धाकट्या वैनी झाऱ्याचा दांडा पुसत होत्या, केव्हाचा स्वच्छ झालेला.

“निम्मा म्हंजे पोरीच्या पोटावर पाय,” मावशी म्हणाल्या.

“अगं, थोडं देऊन मिटवा. भांडणात मिरची मऊ पडायलीय,” भाभी म्हणाल्या.

“थोडं म्हंजे किती?” थोरल्या वैनी. “चा-पाण्याला व्हय?”

“मी येत नाही मग,” धाकट्या वैनी दांड्याकडे बघत म्हणाल्या. “कुणालाच नको ताप.”

सगळ्या एकदम बोलायला लागल्या. आईनं माझ्याकडे बघितलं. तिला वाटत होतं, उत्तर आपल्या सोयीचं असणार. माझे कान गरम झाले होते, आणि तो मिरचीचा दोष नव्हता. वाक्य मी आधी मनात इंग्रजीत जुळवलं, मग मराठीत, मग ओढणी नाकावरून खाली ओढली.

“निम्मा नको. पाच सारखे वाटे करा, पाचवा थोरल्या वैनींचा. आणि तो एकटीच्यातून नाही, चौघींच्यातून काढा, कारण त्या घर आणि मुलगी सांभाळतात म्हणून सगळ्यांचाच घाणा निघतो. आणि आई, माझ्याकडे असं बघू नकोस, आपलाही वाटा त्यात कमी होणार आहे.”