शामला न लागलेला ठोसा

उंबरमाळीच्या धाकलू वेखंडेला बॉक्सिंगमध्ये एकही बक्षीस मिळालं नाही, आणि त्याचं त्याला काही वाटत नाही. वाटतं ते एकाच गोष्टीचं. शामला त्याचा ठोसा कधीच लागला नाही.

धाकलू रेल्वेत गँगमन होता. खडी भरायची, रूळ घट्ट धरणाऱ्या लोखंडी चाव्या ठोकायच्या आणि लाईनीवरून चालायचं. शामही रेल्वेतच, कसाऱ्याला होता. घाट चढण्यासाठी गाडीला मागून जादा इंजिनं लावतात. ती जोडताना डब्याच्या टोकाच्या बफरखालून वाकून आत शिरावं लागतं. ते शामचं काम. ड्यूटी संपली की दोघे रेल्वे कॉलनीमागच्या जुन्या शेडमध्ये ग्लोव्ह्ज चढवायचे. पलटणीतून परतलेल्या एका फिटरने त्यांना उभं कसं राहायचं एवढं शिकवलं आणि तो बदली होऊन गेला. पुढचं ते एकमेकांचा मार खात शिकले. म्हणजे मार धाकलूने खाल्ला.

मेहनतीत तो कमी नव्हता. पहाटे घाटात पळायचा. वाळूचं पोतं टांगून ते फाटेपर्यंत मारायचा. पण शामपुढे आला की ठोसा हवेत. शाम पळत नसे, उड्या मारत नसे. ठोसा येईपर्यंत डोकं जागेवर असायचं, ठोसा आला की नसायचं. वर म्हणायचा, "धाकल्या, वारा बरा लागतो रे."

नंतर शामची बदली झाली. निवृत्त झाल्यावर तो मुरबाड तालुक्यात, सरळगावच्या पुढे, बायकोच्या गावी राहू लागला. धाकलूला पुन्हा तसा जोडीदार मिळाला नाही. तरणी पोरं यायची. ताकद भरपूर, पण त्यांना ठोसा लागायचा. लागला की धाकलूचा रस संपायचा.

त्याची नात आरती हिने त्याला फोनवर बॉक्सिंगच्या जुन्या-नव्या लढती लावून दिल्या. तेव्हापासून धाकलू त्यांत शामला शोधू लागला. काळ्यापांढऱ्या चित्रातला विली पेप पाण्यासारखा हातातून निसटायचा. डावखुरा व्हिटेकर पार कमरेपर्यंत बसायचा आणि ठोसे डोक्यावरून जाऊ द्यायचा. आताचा लोमाचेन्को समोर आहे म्हणेपर्यंत बाजूला जाऊन उभा. एकेक लढत धाकलू थांबवून, मागे नेऊन बघायचा.

"आबा, यांच्यात बेस्ट कोण?" आरतीने विचारलं.

"तिघंबी बेस्ट. पन यांना कधीतरी लागलाय."

चुलीजवळून त्याची बायको सकुबाई म्हणाली, "आनि तो शाम काय देव हाय? तुमालाच मारता येत नसंल!"

धाकलूने लढत थांबवली. बायकोने नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. शाम खरंच तेवढा मोठा होता, की आपण कच्चे होतो? हे सांगू शकणारा माणूस जगात एकच होता.

भाताची कापणी उरकली त्या सुमारास कळलं, की शामच्या अंगावरून वारं गेलं आहे. धाकलूने शहापूर गाठलं, किन्हवलीवरून जाणारी एसटी पकडली, सरळगावला उतरला आणि तिथून शामच्या गावी पोचला.

शाम अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता. उजवा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा पडलेला. जीभ जड झाली होती, पण खवचटपणा शाबूत होता.

"आलास? लई लवकर टाइम मिळाला रे तुला."

"तू चालता होतास. तू यायचंस."

"आलो असतो तर पुन्हा तोंडावर ठोसा खाल्ला असतास."

गिरजा, शामची बायको, हसली. "बसा भावजी. दिवसभर माझ्याशी भांडतात. आज तुमी हायत भांडायला, मी च्या ठेवते."

ती आत गेली. धाकलूने इकडतिकडचं काही बोलून पाहिलं, पण त्याला धीर निघेना.

"शाम, खरं सांग. मी कुठं चुकायचो?"

शामने त्याच्या तोंडाकडे बघितलं. मग त्याची नजर खाली गेली.

"पायात. तू दिवसभर रुळांखालच्या स्लीपरवरून चालायचास. एकावरून दुसऱ्यावर. शेडमधी आलास तरी तेवढंच पाऊल. बोटभर कमी नाय, जास्त नाय. तुझा पाय उचलला की मला कळायचं तू कुठं येशील, हात कुठवर पोचंल. मी तिथं नसायचो, बस."

धाकलूला ते पटलं. खडीवर पाय पडला तर घोटा मुरगळतो, म्हणून गँगमनचं पाऊल स्लीपरवरच पडतं. नोकरीने त्याला जे शिकवलं तेच तो शेडमध्ये घेऊन यायचा. घाटातलं पळणं, ती पोती, सगळं त्या एका पावलाने वाया घालवलं होतं.

"आनि सांगितलं नायस?"

"सांगितलं असतं तर पाऊल बदललं असतंस."

"मग?"

"मग लागला असता मला. एकदा लागल्यावर दुसऱ्या दिवशी आला असतास का रे तू?"

धाकलू उठला. त्याने चपला काढल्या आणि अंगणाच्या कडेला जाऊन शामच्या दिशेने हात वर धरले. एक पाऊल टाकलं.

"स्लीपर!" शाम ओरडला.

पुन्हा टाकलं.

"स्लीपर! काय म्हातारा झालास, तरी लाईनीवरच हायस?"

गिरजा चहा घेऊन आली. "अगो बाई, काय चाललंय हे? शेजारी बघतात."

"बघूंदे," शाम म्हणाला. "फुकट हाय."

धाकलूच्या गुडघ्यात कळ गेली. धोतर घामाने चिकटलं. पाऊल अर्ध्यात टेकवायचं, एवढंच काम. पण पायाला ते ठाऊकच नव्हतं. तो मागे जाऊन पुन्हा शामच्या खुर्चीपर्यंत येत राहिला. चहावर साय धरली. शाम दर वेळी ओरडत होता, आणि त्याचा आवाज चढत चालला होता.

मग एकदा पाय मध्येच टेकला. शाम ओरडला नाही. धाकलूचा डावा हात सुटला. गालाच्या अलीकडे थांबवायचा असं त्याने ठरवलं होतं, पण हात ऐकेना. गिरजा किंचाळली.

शामचं डोकं डावीकडे झुकलं. अगदी थोडं. मूठ त्याच्या कानाजवळून निघून गेली.

शाम अर्ध्या तोंडाने हसत होता. धाकलूला वाटलं, हे पाऊल त्या शेडमध्ये एकदा तरी पडायला हवं होतं, दोघे धड पायांवर उभे असताना. तेव्हाही शामने ठोसा चुकवलाच असता, आणि दुसऱ्या दिवशी आपण पुन्हा आलो असतो. किती बरं झालं असतं.

शामच्या खांद्यावरून पुढे गेलेला हात त्याने बराच वेळ मागे घेतला नाही.